फक्त काजबटण बाकी

८ सप्टेंबर

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक. यंदा तुला थंडीचा कोट शिवून पाठवावा म्हणते, तेव्हा मापं कळव. तुला जाऊन तीन वर्षं झाली. टेप लावून घे, अंदाजपंचे नको.

शाळेच्या बाई काल तिसऱ्यांदा दुकानात येऊन गेल्या. त्यांना सांगितलं, फक्त काजबटण बाकी आहे, उद्या या. कापड अजून त्यांनी दिलेल्या पिशवीतच होतं. तुला माहीतच आहे, दुकानाच्या उंबऱ्याबाहेर मी कधी खोटं बोलत नाही.

जेवतेस ना वेळेवर? संध्याकाळी दुकान बंद करताना तुझ्या स्टुलाकडे बघत बसते आणि कुलूप लावायचं राहून जातं.

तुझी आई

२१ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मापं लिहून घे: छाती चौतीस, कंबर तीस, बाही सव्वाबावीस. खोलीखालीच बेकरी आहे, त्यामुळे अंग चांगलं धरलंय.

दवाखान्यात मला आता चौकशीच्या खिडकीत बसवलंय. दिवसभर एकच सांगायचं, डॉक्टर निघालेत, पोचतच असतील. डॉक्टर तेव्हा घरी दाढी करत असतात. तरी लोकांना पटतं, कारण मी तुझ्यासारखी मान हलवून सांगते. खाण तशी माती.

तुझं अक्षर एवढं मोठं का झालं? एका पानाचं पत्र आता तीन पानं खातं.

रजा मिळाली की येते. तोवर माया उसवू देऊ नकोस.

तुझी गुंडी

१९ ऑक्टोबर

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

कोट आजच टपालात टाकला. अक्षराचं म्हणशील, तर पेनच जाड आहे.

तुझी मापं आली तशी जुनी वही काढली. तीन वर्षांपूर्वीही चौतीस, तीस, सव्वाबावीस. तीन वर्षांत पाव इंचही न हललेलं अंग मी एकच पाहिलंय, आपल्या दुकानातल्या पुतळ्याचं. सुईणीपुढे पोट लपत नाही, तशी शिंपिणीपुढे कंबरही लपत नाही गं. का लपवलंस ते विचारत नाही. बाजूच्या शिवणी कच्च्या घातल्यात. अंगात घाल, लागेल तेवढा आवळ, आणि किती आवळलास ते खरं कळव.

तुझी आई

२ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

चार इंच आवळला. उन्हाळ्यात मला कावीळ झाली होती, सहा आठवडे पडून होते. तू दुकान टाकून धावत आली असतीस, म्हणून कळवलं नाही. नंतर टेप लावायचा धीर होईना, म्हणून पाठ होती ती मापं लिहिली. आता बरी आहे, हे मात्र खरं. त्या दिवसांत कपाळावर तुझा हात हवा होता, रोज.

आता तुझी पाळी. कोटाची काजं तुझी आहेत म्हणायला जीभ रेटत नाही. टाके पांगलेत, आणि काळ्या कोटाला चार काजं काळी, एक निळं. पेनाची सबब पुन्हा नको. डोळ्यांचं काय ते लिही.

तुझी गुंडी

१० नोव्हेंबर

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

पकडलंस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुझी पत्रं उन्हात धरून भिंगातून वाचते. डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणतात, आणि चार महिने मी त्यांना उद्या येते म्हणून सांगतेय. गिऱ्हाइकांना दिलं तेच त्यांना दिलं.

शाळेच्या बाईंना काल खरं सांगून कापड परत करू लागले. त्यांनी घेतलं नाही. डोळे बरे झाले की शिवा म्हणाल्या.

शस्त्रक्रियेची मला भीती नाही. पट्टी सुटल्यावर समोर कुणीच नसेल, त्याची वाटते. तू ये असं तीन वर्षांत मी एकदाही लिहिलं नाही. तेच सगळ्यात मोठं खोटं. ये.

तुझी आई

१८ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रजा मिळाली. एकोणतीसला सकाळच्या गाडीने पोचते. तुझ्या डॉक्टरांना मी परस्पर कळवलंय, त्यामुळे आता उद्या म्हणायची सोय राहिली नाही.

निळं काज उसवलेलं नाही. तोच कोट घालून येतेय. पट्टी सुटली की आधी ते काज बघ, मग मला. टेप आणि वही हाताशी ठेव, खरी मापं तूच घ्यायची आहेत.

तुझी गुंडी