हद्दीपाशी

ता. ३

चि. सौ. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे. भेटायला येणारे आता कमी झाले, त्यामुळे दुपार लांबते. तुझ्या वहिनीचे कपडे तू म्हणालीस तसे बाजूला काढले, अजून कुणाला दिले नाहीत.

एक सांगायचं राहिलं. ओढ्याकडचं रान सरकारी योजनेत गवताखाली पडीक ठेवलं आहे. न पेरण्याचं अनुदान मिळतं म्हणून तू आम्हाला हसायचीस, तेच. गेल्या आठवड्यात त्याला लागून असलेलं वरचं शेत नांगरताना त्या पडीक रानातलंही निम्मं माझ्याकडून नांगरलं गेलं. अट मोडली की अनुदान बंद, आणि आधी मिळालेलंही परत करायचं. ते फेडायला विहिरीजवळचा तुकडा विकावा लागेल. योजनेचे साहेब पाहणीला येणार आहेत. तू काळजी करू नकोस.

पाहुण्यांना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा दादा

ता. ९

ती. दादास, सा. न. वि. वि.

काळजी करू नकोस असं तू लिहिलंस की मी आधी बॅग काढते. शेजाऱ्याची शेळी हातभर आत आली तरी तुला ओट्यावरून दिसते, आणि स्वतःचं गवत दिसलं नाही? डोळे तपासून घे.

हे म्हणतात, वहिनी गेल्याचं साहेबांना आधीच सांग. महिनाही झालेला नाही, माणूस भानावर नसतो. पण तू बोलणार नाहीस, मला ठाऊक आहे. लहानपणी हात मोडला तेव्हाही संध्याकाळपर्यंत खिशात घालून हिंडलास. या वेळी गप्प बसलास तर शेत जाईल.

जेवतोस का? उलट टपाली कळव, आणि खरं कळव.

तुझी धाकटी

ता. १७

चि. सौ. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

जेवतो. साहेब काल येऊन गेले. तरुण आहेत, बूट जपत चालत होते. तिच्या जाण्याचा असा उपयोग करायचा नाही, असं मी ठरवलं होतं. चूक झाली, एवढंच म्हणालो. ते म्हणाले, जमीन बाईंच्या नावावर आहे, त्यांना बोलवा.

मग सांगावं लागलं. ती गेली, हे तोपर्यंत मी तोंडाने कुणालाच सांगितलं नव्हतं. गावाला आपोआप कळलं, तुलाही शेजाऱ्यांनीच कळवलं. एकदा बोललो तसं पुढचंही आलं. नांगरताना माझं लक्ष मागे फाळाकडे असतं. हद्द मी कधी बघितलीच नाही. तिथवर पोचलो की ती बांधावरून चहाला हाक मारायची, ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू आलं नाही तर ताट वाजवायची. त्या दिवशी कुणी बोलावलं नाही, मी जात राहिलो.

साहेब बांधावर बसले. म्हणाले, घरात मृत्यू झाला असेल तर मागचे पैसे परत मागत नाहीत, तसा नियमच आहे. नांगरलेल्या भागाचं यंदाचं अनुदान जाईल आणि तिथे पुन्हा गवत लावावं लागेल. विहिरीजवळचा तुकडा वाचला.

गवताचं बी आणलं आहे. त्याआधी ढेकळं फोडायला ट्रॅक्टर घालावा लागेल, आणि वरच्या शेताचंही थोडं राहिलं आहे. जमलं तर चार दिवस ये. काम काही नाही. बांधावर उभी राहा, आणि मी हद्दीपाशी आलो की हाक मार. ताट घासून ठेवलं आहे.

तुझा दादा