आठव्या पोर्टवरची पट्टी

१४ डिसेंबर २००३
पिंपळगावहून शेखरची हत्यारांची पिशवी आणली. पोरगा जाऊन आज महिना झाला. वाल्मीकशेठच्या कोल्ड स्टोअरेजमधले सगळे कॉम्प्युटर त्यानेच जोडलेले. शेठ म्हणाले, चहा तरी घ्या आप्पा. घेतला. त्याच्या जागेवर जरा आवरून आलो. लोंबतं काही ठेवलं नाही — एकतीस वर्षं लाइनमन होतो, सवय जात नाही.
पिशवी छायाने कपाटात ठेवली. उघडली नाही.

२ जानेवारी २००४
छाया आज पोटभर जेवली.

१९ जानेवारी
शेठचा फोन. द्राक्षं सुरू झाली. वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर हंगामात आज पहिल्यांदा सुरू केला आणि पॅकहाऊसचा संपर्क तुटला. पेट्यांची लेबलं निघेनात, टेंपो उभे. "आजारपणात शेखरचं काम कच्चं राहिलं वाटतं. रविवारी माणसं येतील, समदं काढून नवीन बसवतील." मी चार दिवस मागितले.
छायाला सांगितलं. भाकरी थापता थापताच म्हणाली, "माझं पोरगं अर्धं काम ठेवत नव्हतं."

२० जानेवारी
पिशवीतलं स्विचचं, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या डब्याचं, पुस्तक काढलं. इंग्रजी. डिक्शनरी घेऊन बसलो. चार पानं झाली.

२१ जानेवारी
आता कळतं आहे. डब्यावरचे वायर खोचायचे पोर्ट दिसायला सारखे, पण कामं वेगळी! साध्या पोर्टला कॉम्प्युटर लावायचा. कॉम्प्युटरची बोलायची तार स्विचच्या ऐकायच्या तारेला मिळते. पण स्विचला स्विच जोडला तर दोघंही एकाच तारेवर बोलणार — ऐकणार कोण? म्हणून 'अपलिंक' पोर्ट. त्यात तारांची अदलाबदल आतच केलेली. मोठ्या स्विचला आणखी एक, काचेच्या तारेचा. त्यात वीज नाहीच, नुसता उजेड जातो. शेखरने हे एकदा सांगितलं होतं. मी पेपर वाचत होतो.
पान अकरा, खाली बारीक अक्षरात: आठवा पोर्ट आणि अपलिंक आतून एकच. एक वापरला तर दुसरा रिकामा ठेवावा.
दोनदा वाचलं. पुस्तक मिटलं.

२२ जानेवारी
पिंपळगावला गेलो. अपलिंकमध्ये पॅकहाऊसच्या स्विचकडे जाणारी वायर, शेजारी आठव्यात काट्याची. काट्याचा कॉम्प्युटर बंद होता तोवर चाललं, सुरू झाला तसं बिनसलं. तिसरा पोर्ट मोकळा होता, पण वायर आखूड, तिथवर पुरत नव्हती. लांब वायर टाकून तिसऱ्यात लावली. पाच मिनिटांत लेबलं निघाली. पेट्या भरणाऱ्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या.
शेठ म्हणाले, "म्हंजे चूक शेखरचीच ना? जाऊ द्या आप्पा, पोराचं तुम्ही निस्तरलं."
मी मान डोलावली.
घरी आलो. छायाने विचारलं, काय होतं? म्हटलं, झालं काम.

२३ जानेवारी
पिशवीच्या आतल्या अंगाला काळ्या चिकटपट्टीचा तुकडा चिकटलेला आहे, नखाएवढा. शेखरने आठव्या पोर्टवर लावलेला. कोणी तिथे वायर लावू नये म्हणून. डिसेंबरात आवरताना मीच तो सोलून पिशवीत टाकला आणि काट्याची लोंबती वायर तिथे खोचली.
छायाला सांगितलं. मग पिंपळगावला जाऊन शेठना, सगळ्या बायांसमोर.
आठव्यावर नवी पट्टी लावली. जुनी इथे चिकटवतो आहे.