बाविसावं पुस्तक आणि माझं तोंड

तीर्थरूप काकांस,

पुतण्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती ठीक असेल, गुडघे फार कुरकुर करत नसतील आणि नवी कवळी हिरडीला कुठे टोचत नसेल अशी आशा करतो. (वरची टोचणार नाही, ती माझ्या हातची आहे. खालचीही माझ्याच हातची आहे, पण खालच्या कवळीबद्दल या धंद्यात कुणी छातीठोकपणे बोलत नाही.) इकडे ही बरी आहे, मुलगी बरी आहे, मी सोडून सगळे बरे आहेत. गेल्या नऊ दिवसांत तुमचे तीन फोन आले आणि मी एकही उचलला नाही. कामाचा व्याप आहे असं मी हिला सांगितलंय. तुम्हाला खरं कारण माहीत आहे, तेव्हा थापा मारण्यात अर्थ नाही. पत्र अशासाठी लिहितोय की पत्रात समोरच्याचा चेहरा दिसत नाही. मला तुमच्याकडून काहीही नको, हे आधीच स्पष्ट करतो. झालं ते माझ्या बाजूने सांगायचंय, म्हणजे माफ करायचं की कान उपटायचे ते तुम्हाला नीट ठरवता येईल.

तर मुळापासून. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो हे सगळ्या घराण्याला माहीत आहे. मी लिहितो हे फारसं कुणाला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते त्याला लिहिणं म्हणत नाहीत. कुलपं दुरुस्त करता करता खून उलगडणाऱ्या कुलूपवालीच्या रहस्यकथांची बावीस पुस्तकं संपली तिथून पुढे मी गेली अकरा वर्षं तिच्या गोष्टी लिहितोय. याला हल्ली फॅन फिक्शन म्हणतात. ही म्हणते, दुसऱ्याच्या पोरीचं लग्न ठरवत फिरणं. एका साइटवर मी ते टाकतो आणि दोनशे तीस माणसं ते वाचतात. हा आकडा खरा आहे, कारण मी रोज सकाळी चहाआधी तो बघतो. माझी पद्धत अशी की जबड्याच्या ठशात प्लॅस्टर ओतलं की ते घट्ट व्हायला पाऊण तास लागतो, तेवढ्यात एक प्रसंग बसवायचा. खलनायक मी टेबलावरच्या जबड्यांतून उचलतो. ज्याचा सुळा असा आत वळलाय तो माणूस मृत्युपत्रात खाडाखोड करणारच, हे मला बघताक्षणी कळतं. एकदा कागद हाताशी नव्हता म्हणून सुचलेलं वाक्य पेन्सिलीने प्लॅस्टरवरच उतरवलं आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, की समोर एक निवृत्त मुख्याध्यापक बसलेत आणि त्यांच्या खालच्या जबड्यावर 'विष कुणी घातलं?' असं का लिहिलंय. तेव्हापासून मी खिशात डायरी ठेवतो.

या कामातला खरा मान मात्र गोष्टी रचणाऱ्याला नसतो, चुका सांभाळून घेणाऱ्याला असतो. मूळ लेखक कुठे घसरला की आमच्यासारख्यांची चंगळ. आम्ही म्हणतो, छे, एवढा मोठा माणूस चुकेल कसा, यात काहीतरी खोल आहे. आणि मग ते खोल खणत बसतो. माझ्याकडे एक जाड वही आहे. कुलूपवालीच्या दुकानाची खिडकी कुठल्या बाजूला उघडते, तिच्या कानशीला किती मुठी बदलल्या, सगळं त्यात आहे. तर सहाव्या पुस्तकात तिच्या दुकानाला एकोणीस पायऱ्या आहेत आणि चौदाव्यात सतरा. ही विसंगती आमच्या साइटवर फार प्रसिद्ध आहे. तिच्यावर मी एक्केचाळीस पानांची गोष्ट लिहिली. ती अंधारात पायऱ्या मोजत चढते हे ओळखून शत्रूने गवंडी लावून जिन्याच्या दोन पायऱ्या उडवल्या, अशी. लोकांनी डोक्यावर घेतली. एकाने लिहिलं, मूळ लेखकाच्या मनातलं तुम्ही वाचलंत. त्या दिवशी मी घरात कुणाशी बोललो नाही, इतका चढलो होतो.

आता नऊ दिवसांपूर्वीचं. तुम्ही जिना उतरत नाही म्हणून डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन तुमच्या जबड्याचा ठसा नेला. मग म्हणाल्या, तुमचेच काका, तर कवळी तुम्हीच बसवून या. मी डबी घेऊन आलो. (लहानपणी तुमचा जिना मी एका दमात, दोन-दोन पायऱ्या गाळत चढायचो. मोठेपणी आलो ते वर्षातून एकदा, फोनवर बोलत. म्हणजे बघितला असा कधी नव्हताच.) त्या दिवशी डबीत कवळी होती, धक्का लागू नये म्हणून हळूहळू चढत होतो आणि सवयीने मोजत होतो. नवव्या पायरीचा उजवा कोपरा तुटका निघाला, थेट कुलूपवालीच्या जिन्यासारखा. मी थांबलो. वळणावर कठड्याचा लाकडी गोळा हातात गरकन फिरला. तिथल्या खिडकीतून समोरच्या दुकानाच्या पाटीची फक्त शेवटची तीन अक्षरं दिसत होती. काका, ती तीन अक्षरं मला तोंडपाठ आहेत. पाचव्या पुस्तकात कुलूपवाली ती वाचते आणि खून उलगडतो. वर पोचलो तेव्हा सतरा भरल्या होत्या. तसाच खाली गेलो आणि इस्त्रीवाल्याला विचारलं, इथे आधी किती पायऱ्या होत्या हो. तो म्हणाला, दरवेळी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो, खालच्या दोन केव्हाच गाडल्या गेल्या. माझा तो शत्रू, त्याचा तो गवंडी आणि एक्केचाळीस पानं, सगळं डांबराखाली गेलं.

पण खरं सांगतो, त्याचं मला काही वाटलं नाही. मी परत चढलो ते देवळात चढल्यासारखा. ज्या जगाची वही मी अकरा वर्षं भरली ते जग इथे होतं, आणि मी त्यातून धावत वर जाऊन काकूला पाणी मागायचो! म्हणजे मुखपृष्ठावरच्या त्या भारदस्त टोपणनावामागचा, कुणी कधी न पाहिलेला लेखक म्हणजे आमचे काका. ज्यांना अख्खं घराणं 'पाणी खात्यातला मुका' म्हणतं ते काका. मला दारातच तुमचे पाय धरायचे होते, पण हातात डबी होती, आणि धंदा आधी.

पुढे जे झालं त्यात माझा दोष एवढाच, की मी आधी कवळी चिकटवायची पेस्ट लावली आणि मग बोललो. मीच तुम्हाला बजावलं, की दात घट्ट मिटा आणि पाच मिनिटं तोंड अजिबात उघडू नका, नाहीतर पेस्ट धरणार नाही. तुम्ही आज्ञाधारकपणे मिटलेत. आणि मग मी सुरू झालो. पाय धरले, रडलो, सहाव्या पुस्तकातली दोन पानं पाठ म्हणून दाखवली. तुम्ही मान हलवत होतात. मला वाटलं, विनय. तुम्ही हात वर केलात. मला वाटलं, आशीर्वाद. तुम्ही बोट भिंतीकडे नेलंत, काकूच्या फोटोकडे, आणि मी म्हणालो, हो ना, काकूला बिचारीला याचा पत्ताही नसेल, तिचा अर्धा जन्म माहेरी पत्रं लिहिण्यात गेला. (आम्हा सगळ्यांना तेच वाटायचं. दुपारची जेवणं उरकली की ती टेबलाशी बसायची आणि आई म्हणायची, पोरीला माहेरची फार ओढ.) आणि मग चौथ्या मिनिटाला माझ्यातला समीक्षक जागा झाला. एकवीस पुस्तकांचं कौतुक झालं की नमस्कार करून उठावं की नाही माणसाने! पण नाही. मी म्हणालो, काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका, बाविसावं तेवढं तुम्ही लिहायला नको होतं. नायिकाच नाही त्यात. ती कुठल्याशा कामाला गेलेली, आणि एकशे चाळीस पानं सगळे तिच्या दुकानात बसून तिची वाट बघतात. ना खून, ना कुलूप. शेवटी जिन्यावर पावलं वाजतात आणि पुस्तक खलास. थकलात तुम्ही, दुसरं काय. साइटवर मी हेच लिहिलंय, तेही ऐकवलं: हे पुस्तक रद्दीवाल्यानेसुद्धा वजनाला धरू नये.

पाच मिनिटं झाली. तुम्ही तोंड उघडलंत. नव्या दातांनी तुम्ही उच्चारलेलं पहिलं वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"लिहायची ती. मी शाई भरून द्यायचो."

मग म्हणालात, "बाविसावं माझं."

यावर एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं मला माहीत नाही. मी म्हणालो की खालचे दात जरा घासायला हवेत, अवजारं आणतो, आणि जिना उतरून पळालो. चौकात गेल्यावर कळलं की पायात तुमच्या चपला आहेत.

तेव्हापासून मी बाविसावं तीनदा वाचलंय. काकू गेली त्याच्या पुढच्या वर्षी ते छापलं गेलं, हे माझ्या त्या जाड वहीत तारखेसकट आहे. काकू कधी गेली हे मला माहीत आहे. आणि स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्या या गाढवाने दोन तारखा कधी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. तिची माणसं तिच्या टेबलाशी बसतात, तिच्या किल्ल्या पुसून ठेवतात, कुणी आलं की सांगतात, येईलच इतक्यात. एकशे चाळीस पानांत तुम्ही तिला एक शब्द बोलू दिला नाहीत. आधी मला वाटायचं, जमलं नाही. आता वाटतं, तिच्या तोंडी आपले शब्द घालायला तुमचं मन धजलं नसणार. मी अकरा वर्षं बिनदिक्कत घालतोय, तेही कुणाच्या तरी जबड्याकडे बघत. माझी मलाच लाज वाटली. आणि आमच्यातला पहिला तुम्ही, हेही तेव्हाच लक्षात आलं. तिची गोष्ट तिच्यामागे पुढे नेणारा पहिला माणूस पाणी खात्यात बसला होता, आणि मी त्यालाच धडे देत होतो.

आणखी एक आठवलं, ते सांगतो आणि थांबतो. पहिलं पुस्तक मला काकूनेच दिलं होतं, मी बारा वर्षांचा होतो. रद्दीत सापडलं म्हणाली. मग एकामागून एक आठ दिली, सगळी 'रद्दीतली'. आठवं संपल्यावर तिने विचारलं, कसं वाटलं रे. मी म्हणालो, बरं आहे, पण ही बाई कधी जेवतच नाही. ती हसली आणि मला जेवायला वाढलं. काका, नवव्या पुस्तकापासून कुलूपवाली जेवते. यावर मी साइटवर मोठा लेख लिहिलाय, 'लेखकाच्या शैलीत नवव्या पुस्तकापासून झालेला बदल' असा, सात मुद्दे आणि तळटीपा. तो बदल मी होतो. हे कळल्यापासून मी कवळ्या उलट्या बसवतोय. आपण ज्याच्या मागे आयुष्यभर फिरलो, त्याने आपल्याला कधीच आत घेऊन पाटावर बसवलं होतं, असं कळलं तर माणसाने काय करावं?

असो. लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घालावं. तुमच्या गुडघ्यांना माझा एक वेगळा नमस्कार.

तुमचा वाचाळ पुतण्या

ता. क. कवळी रोज काढून साध्या पाण्यात ठेवावी, गरम पाण्यात अजिबात नाही, वाकडी होते. चपला वेगळ्या पाठवल्यात. तीन फोन त्यांच्यासाठीच असतील तर या पत्रातला निम्मा मजकूर रद्द समजावा.

ता. क. २. बाविसाव्यावरचं ते 'रद्दीवाल्याने' वगैरे मी काढून टाकलं. त्यावर चौघांनी मला घाबरट म्हटलंय. तुमचं गुपित मी फोडलेलं नाही, हिच्याजवळसुद्धा नाही, आणि तुम्ही सांगेपर्यंत फोडणार नाही. (ही म्हणते मी नऊ दिवसांत शहाणा दिसतोय. तिला काळजी वाटतेय.)

ता. क. ३. मला काहीही नको असं सुरुवातीला लिहिलंय ते खोटं आहे. तेविसावं पुस्तक लिहिणार असं मी दोनशे तीस माणसांना सांगून बसलोय आणि त्याची पहिली वीस पानं या पाकिटात आहेत. त्यात दुकान नीट आहे, जिना नीट आहे, आता तर पायऱ्याही बरोबर आहेत. पण ती नीट नाही. ती बोलायला लागली की माझ्यासारखी बोलते, आणि ती माझ्यासारखी वाचाळ नव्हती. तुम्ही तिच्याबरोबर तीस वर्षं एका टेबलाशी बसलात. पाचव्या पानावर ती दार उघडते, वाट बघत बसलेल्या सगळ्यांकडे बघते आणि काहीतरी बोलते. तिथे मी दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.