डावा हात माझा, उजवा गौरीचा

११ नोव्हेंबर, मंगळवार
ड्यूटी ८ ते २. मधे जरा मोकळी झाले तेव्हा गौरीचा परवाचा एक्स-रे परत उघडला. डावा हात, कोपराखालचं करंगळीच्या बाजूचं हाड, मधोमध आडवी चीर. एकवीस वर्षं एक्स-रे काढतेय. पडल्यावर हे हाड असं मोडत नाही. अंगावर येणारा मार अडवायला हात वर केला की मोडतं. रविवारी पोटच्या पोरीचा हात मीच मशीनखाली ठेवला. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, सरांना काय बोलू नको. माझंच चुकलं."
सर म्हणजे छावणीतले कराटेचे. गौरी सहा वर्षं जातेय त्यांच्याकडं, आता अकरावीत आहे. सहा आठवडे प्लास्टर.

१३ नोव्हें.
गौरीला लागलं त्या रविवारच्या प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ सरांनी टाकलाय. मागं ढोल लावलेत, चिनी पिक्चरमधल्यासारखे. उतरवून घेतला. एकेक चित्र थांबवून बघितलं. सरांची पहिली लाथ गौरीनं अडवली. मागं सरली. उजवा पंजा उघडा करून वर धरला. त्यांच्यात त्याचा अर्थ थांबा. सरांनी कॅमेऱ्याकडं बघितलं. मग दुसरी लाथ.
आधी कॅमेऱ्याकडं बघितलं. मग मारली.
ह्यांना दाखवला. वाळूजला शिफ्टला निघायच्या गडबडीत होते. "खेळात लागतंच. पोरगी म्हणतीय तर सोड."
नाही सोडणार.

१६ नोव्हें., रवि.
गौरी घरात कंटाळलीय म्हणून दुपारी तिच्यासोबत पिक्चरला बसले. हे पिक्चर ती क्लासला लागल्यापासून बघते, मी कधी नीट बघितले नव्हते. हाँगकाँगचा जुना, हिंदी आवाज दिलेला. ओठ बंद झाले तरी माणूस बोलतोच आहे. गुरू अर्ध्या तासात मेला. चेल्यानं डोंगरावर जाऊन तीन वर्षं लाकडं फोडली, मग खाली येऊन एकेकाला. इतकी हाडं मोडतात, पण एक्स-रे कोणी काढत नाही. मनगट गेलेला माणूस पुढच्या सीनला त्याच हातानं विटा फोडतो.
आणि आई? एक तर आधीच मेलेली, नाहीतर कोपऱ्यात खोकतेय. गौरीला म्हटलं, ह्यांच्यात आयांना काहीच काम नाही का? हसली. गेल्या रविवारपासून पहिल्यांदा.

१९ नोव्हें.
जपानचा. दोन माणसं वाऱ्यात समोरासमोर उभी, बराच वेळ कोणी हलत नाही. एक वार, संपलं. लई आवडला.
कोरियाचा नाही आवडला. सूड घेतला आणि नंतर रडत बसला. कशाला रडायचं?

२२ नोव्हें.
गौरीचा मारामारीचा गेम. तिला एका हातानं जमेना. म्हणाली, "आई, डावा हात तू हो." रिमोटची डावी बाजू मी धरली, उजवी तिनं. चालवायचं मी, मारायचं तिनं. आमची बाई वेणीवाली, समोर पिवळ्या कपड्यातला धिप्पाड गडी. मी सारखी मागं मागं जात होते.
"आई, मागं नको ना जाऊ! खाली दाब. खाली, मग पुढं!"
सात वेळा हरलो. आठव्याला त्याची वरची जिवाची पट्टी सरत सरत पार संपली, गडी आडवा. मी ओरडले. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं काय झालं.
त्या गड्याच्या जागी मला कोण दिसत होतं ते इथं लिहायची गरज नाही. मला आवडलं. ते मात्र लिहून ठेवते.

२५ नोव्हें.
सोयगावहून भावाचा फोन. त्याला कोणीतरी व्हिडिओ पाठवला.
"ताई, तू फक्त व्हय म्हण. चार गडी घेऊन येतो. उद्याच."
नको म्हटलं. पण फोन ठेवल्यावर किती वेळ ते चार गडीच डोळ्यासमोर. एकेकाचा चेहरासुद्धा.
मी रीतसर करणार. रविवारी क्लासच्या हॉलमध्ये पालकांची सभा आहे. सगळ्यांसमोर व्हिडिओ लावते. क्लासच बंद करते त्याचा.

३० नोव्हें., रवि.
सभा झाली. आल्या आल्या लिहिते.
वीस-बावीस पालक होते. लॅपटॉप लावला. पंजा वर आल्यावर थांबवलं, म्हटलं, हे बघा, पोरगी थांबा म्हणतीय. पुढची लाथ दाखवली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकजण म्हणाल्या, "अगं बाई!" मला वाटलं झालं काम.
सर शांत. "मॅडम, ये स्पोर्ट है. मी थायलंडला शिकून आलोय, तिथं ह्याच्या दुप्पट मारतात. आणि गौरी इथंच आहे ना? तिलाच विचारा."
गौरी उठली. गळ्यात हात अडकवलेला. माझ्याकडं बघितलं नाही.
"मी थांबा म्हटलं नव्हतं. तोल गेला म्हणून हात वर झाला."
एक गृहस्थ हसले. "पिक्चर बघून बघून असं दिसायला लागतं, मॅडम."
सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास."
रिक्षात मी लॅपटॉप छातीशी धरून बसले होते.

३ डिसें.
गौरीशी बोलत नाही. ती पण नाही. जेवायला वाढते, ताट उचलते. गेम बंद.
आज हॉस्पिटलात एक पेशंट सरांसारखा दिसला. हात धरताना मुद्दाम आवळून धरला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? घरी येईपर्यंत लाज वाटत होती.
तरी भावाला फोन केला. ये म्हटलं. शनिवार ठरला.

५ डिसें., शुक्र.
गौरीनं फोनवरचं ऐकलं असणार. संध्याकाळी स्वयंपाकघरात आली.
"मामाला सांग येऊ नको."
"अजून त्याचीच बाजू घेतीस?"
"मी कोणाची बाजू घेत नाय." पहिल्यांदा आवाज चढला तिचा. "तू क्लास बंद केला असतास तर मी त्याला कुठं गाठलं असतं? मामानं त्याला झोपवलं तर परीक्षेला माझ्यासमोर कोण उभं राहील?"
मला कळेना. मग तिनं सांगितलं. फेब्रुवारीत ब्लॅक बेल्टची परीक्षा आहे. शेवटी प्रत्येकाला सरांशीच दोन फेऱ्या खेळाव्या लागतात. पालक, पाहुणे, सगळे समोर बसलेले असतात.
"तिथं तो पंजा वर करंल, आई. आणि मला दिसणार नाय."
भाजी खाली लागली. दोघींनाही कळलं नाही.
सभेत माझं नाक कापलं तिनं, ते सरांसाठी नव्हतं तर. मी चारचौघांत तक्रार मांडत बसले आणि माझी पोरगी तोंड मिटून थांबली होती. भीती वाटली तिची. पण खरं लिहायचं तर आधी अभिमान वाटला.
भावाला नको म्हणून कळवलं. "काय चाललंय तुमचं मायलेकींचं?"

२२ डिसें.
प्लास्टर निघालं. हात काटकीसारखा झालाय, कातडी पांढरी. एक्स-रे मीच काढला. हाड धरलंय, पण कच्चं आहे. डॉक्टर म्हणाले तीन महिने मारामारी बंद. परीक्षेला दोनच आहेत. गौरी डॉक्टरांना "हो सर" म्हणाली. बाहेर आल्यावर माझ्याकडं बघितलं. मी एक्स-रे पिशवीत घातला.

२६ डिसें.
व्हिडिओ परत बघितला. गौरीकडं नाही, यावेळी फक्त सरांकडं. आजवर कसं दिसलं नाही? लाथ मारून पाय खाली टेकताना उजव्या गुडघ्यावर वजन देत नाहीत. लगेच डाव्यावर जातात. जिना उतरताना रेलिंग धरणारे असे पेशंट रोज येतात माझ्याकडं. गुडघ्याच्या आतली गादी फाटलेली असणार. त्यावर एक लाथ बाजूनं बसली तर ते परत कधी नीट उभे राहणार नाहीत.
कोणाला सांगितलेलं नाही.

२८ डिसें., रवि.
सकाळी गच्चीवर. गौरी म्हणाली, लाथांचा सराव करायचाय, उशी धर. हे खाली पेपर वाचत बसलेत, त्यांना वाटतंय वाळवणाला गेलोत. पहिल्या लाथेला मी दोन पावलं मागं गेले. "आई, पाय रोवून उभी रहा." रोवले. दहा झाल्या, वीस झाल्या. डावा हात तिनं पोटाशी जपून धरला होता. तो दिसला की वाटायचं बस करावं, खाली जाऊन डॉक्टर काय म्हणाले ते ह्यांना सांगावं, परीक्षेचा फॉर्म फाडून टाकावा.
पाणी प्यायला थांबली. मी परत उभी राहिले. उशी छातीशी धरायची, तर खाली धरली गेली. गुडघ्याच्या उंचीला, थोडी बाहेरच्या बाजूला.
गौरीनं उशीकडं बघितलं. मग माझ्याकडं.
मारली.