धाकटीच्या स्वप्नातली आई

आई, तू जाऊन सत्तावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तू एकदाही माझ्या स्वप्नात आली नाहीस. धाकटीकडं मात्र येतेस. ती अजून मुकुंदवाडीतच राहते, मी इकडं पुंडलिकनगरात. सकाळी तिचा फोन येतो, "ताई, आई आलती आज. गवारीच्या शेंगा मोडीत बसली व्हती." शेजारीण डोकावून गेल्यासारखं सांगते. मी "बरं" म्हणते आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलत नाही. शेवटचे आठ महिने तुझं सगळं मी केलं. ती यायची, पायाशी बसून रडायची, जायची.

टँकरच्या वर्षांतला तो दिवस माझ्या मनातून जात नाही. आपल्या घरामागच्या शेतांचे प्लॉट पडत होते, रोज नवं घर उभं राहत होतं आणि पाणी मात्र चार दिवसांनी. तू वसतिगृहातल्या मुलींचा स्वयंपाक उरकून घरी आलीस, तेवढ्यात मी रांगेत उभी राहून आणलेली घागर धाकटीच्या धक्क्यानं सांडली. "मोठी हायेस ना तू? कुठं ठेवावं कळत नाय?" तू मला म्हणालीस. पाणी उंबऱ्याकडं वाहत जातंय, आणि तू तिला जवळ ओढून पदरानं तिचे पाय पुसतेस. मी रिकामी घागर धरून उभी आहे.

या वर्षी मी सिडकोतल्या एका केंद्रात जायला लागले. तिथं मेंदूच्या लहरींचं प्रशिक्षण देतात. तिथली मुलगी डोक्याला गार लेप लावून तारा चिकटवते. समोरच्या पडद्यावर होडी असते, मन हवं तसं स्थिरावलं की ती पुढं सरकते. या सरावानं स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे असं कळतं, मग त्यात हवं ते करता येतं, असं म्हणतात.

"खात्री नाही देत हं काकू," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "कुणाला जमतं, कुणाला नाही. तुम्हाला कशासाठी शिकायचंय?"

"सहज," मी म्हणाले.

दिवसातून दहा वेळा बोटं मोजायची आणि आपण जागे आहोत का असं स्वतःला विचारायचं, ही सवय तिनं लावली; स्वप्नात म्हणे बोटं पाच भरत नाहीत. भाजी घेताना, रिक्षात, मी चार महिने बोटं मोजत होते.

एका रविवारी दुपारी जमलं. मी आपल्या जुन्या घरात होते आणि बोटं सहा भरली. हाक मारली तशी तू आतून हात पुसत आलीस. मी म्हणाले, "म्हण, मोठी माझी जास्त लाडकी." तू लगेच म्हणालीस. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा म्हणालीस, शाळेत पाठांतर म्हणतात तसं. लाडकी हा शब्द तू जन्मात कधी वापरला नव्हतास. ती तू नव्हतीस, आई. माझंच बोलणं मी तुझ्या तोंडून ऐकत होते.

तरीही संध्याकाळी मी धाकटीला फोन केला. "आई आली होती. आता इकडंच येत जाईन म्हणाली."

 तिनं विचारलं, "माझं काय चुकलं का गं, ताई?"

"मला काय माहीत," मी म्हणाले.

दोन महिने झाले, तिचा सकाळचा फोन बंद आहे. काल मीच केला, आई येते का विचारलं. "नाय गं. तू विचार ना तिला, माझा राग आलाय का," ती म्हणाली.

तिला खरं सांगायच्या आधी तुला सांगावं म्हणून लिहायला बसले. पण त्या दुपारीसुद्धा तू आली नव्हतीस, हे मला अजून तिच्यापुढं कबूल करवत नाही. काल तिचा फोन ठेवल्यावर, आई, मला बरं वाटलं होतं.