डावा कोपरा

३ ऑगस्ट, रविवार
ऑफिसच्या कबड्डी लीगची निवड १४ तारखेला, काम सुटल्यावर. मागच्या वर्षी मी शेवटचा आलो आणि सुर्वे वर्षभर मला 'तळ' म्हणून हाक मारत राहिला. यंदा नाही. नियम तेच: पाळीपाळीने एकेक खरा खेळाडू उचलायचा, एकाने घेतला की तो दुसऱ्याला नाही. टीव्हीवर तो जे गुण मिळवेल ते आपले. पैशांचा प्रश्न नाही. इज्जतीचा आहे.
मागच्या वेळी मोठी नावं बघून घेतली, तिथे फसलो. या वेळी चढाईपटू कोणाच्या तोंडी पडतो ते बघायचं. उजवीकडून चढाई करणारा समोरच्या डाव्या कोपऱ्याच्या अंगावर जातो. कोपरा पक्का असला की मोठं नावही रिकाम्या हाताने परत. कच्चा असला तर कोणीही गुण लुटून नेतो. दिवसभर जुने सामने लावून तक्ता करत बसलो. स्वाती म्हणाली, "एवढा अभ्यास बारावीला केला असतास तर?"

६ ऑगस्ट, बुधवार
तक्ता होत आला. प्रत्येक संघाचा डावा कोपरा, उजवा कोपरा, पुढे कच्चा की पक्का. निलेशपाशी अडलो. स्वातीचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा, गव्हाणचा, यंदा पहिल्यांदाच मोठ्या लीगमध्ये घेतलाय. घरच्या माणसाला कसं जोखायचं? त्याचेही व्हिडिओ परत बघितले. घोट्यावर झेप घेतो ती बघत राहावी. 'पक्का' लिहिलं. मनापासून.

९ ऑगस्ट, शनिवार
राखी. निलेश शिबिरातून एका दिवसाची सुट्टी काढून आला. ओवाळणं, नारळीभात, हसणं-खिदळणं. मग वरच्या फळीवरचा डबा काढायला डावा हात उचलला आणि चेहराच बदलला. स्वा. आत होती, तिला दिसलं नाही. गॅलरीत नेऊन विचारलं. आधी "काय नाय" म्हणाला. मग:
"खांदा निखलतो, भाऊजी. झेप घेतली का सरकतो. मीच बसवतो परत."
डॉक्टर?
"दाकवला तर भायेर बसवतील. पयलाच सीजन हाय माजा."
माझा हात धरला. "कोनाला बोलू नका. ताईला पन नको. तुमी घरचे, आन खेलातले नाय, म्हनून सांगितलं."
मी त्याला म्हणायला हवं होतं, खेळू नकोस. ते म्हणालो नाही. शब्द मात्र दिला.

१० ऑगस्ट, रविवार
तक्त्यात 'पक्का' खोडला. 'कच्चा' लिहिलं.
कोण बघतंय? माझा तक्ता.
त्याच्या संघासमोर उजवीकडून कोण कोण येणार ते शोधत बसलो. दोघे सापडले, नाव कोणाला माहीत नसलेले. शेवटपर्यंत उरतील, आरामात मिळतील.
स्वा. चहा घेऊन आली तेव्हा लॅपटॉप मिटला. का मिटला?

१४ ऑगस्ट, गुरुवार
निवड झाली. माझी दोन नावं ऐकून सुर्वे खुर्चीत मागे रेलला. "ही भंगारातली पोरं कुठून आणलीस? यंदाही तळच का?" सगळे हसले. मी गप्प बसायला हवं होतं. नाही बसलो.
"त्यांच्यासमोरचा डावा कोपरा कोण आहे बघ. खांदा गेलाय त्याचा."
"तुला रे काय माहीत?"
"माझा मेहुणा आहे तो."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. या ऑफिसात माझ्याकडे असं कोणी कधी बघितलं नव्हतं. रोडपालीच्या ऑफिसातून निघालो तेव्हा गाडीवर चक्क गुणगुणत होतो. कळंबोलीच्या सर्कलला सिग्नलवर थांबलो आणि आठवलं, निलेशला शब्द दिला होता. घरी स्वा.: "काय झालं रे?" "काही नाही."

१७ ऑगस्ट, रविवार
सुर्वे कुठल्याशा कबड्डीवेड्यांच्या ग्रुपवर आहे. तिथे टाकलंय. संघाचं नाव, 'डाव्या कोपऱ्याचा खांदा निकामी, आतली खात्रीची बातमी'. मलाच कौतुकाने पाठवलं. फोन केला, काढ म्हटलं.
"तुझं नाव कुठे घातलंय?"
"तरी काढ."
"अरे, पुढे गेलं ते आता. एवढं काय त्यात!"
निलेशला फोन करून सावध करायचं ठरवलं. नंबर लावला. उचलायच्या आत कापला. त्याचाच परत आला: "काय भाऊजी, मिस्कॉल?" म्हटलं चुकून लागला.

३१ ऑगस्ट, रविवार. गव्हाण
गौरी आल्या. घर भरलेलं. संध्याकाळी निलेशचा सामना, सगळे टीव्हीसमोर. सासूबाई अगदी पुढे, पाटावर.
पहिलीच चढाई माझ्या दोघांपैकी एकाची. सरळ निलेशवर. मग दुसऱ्याची. निलेशवरच. उजवीकडे बघतही नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "सारके त्याच्याच आंगावर का जातान रं?" कोणीतरी म्हणालं, नवीन आहे ना, म्हणून.
मग त्याने झेप घेतली. घोटा हातात आला होता. चढाईपटूने हिसका दिला. निलेश तसाच पडून राहिला, एक हात भलत्याच दिशेला.
खिशात फोन थरथरला. ऑफिसच्या लीगचा मेसेज. गुण. आणि मला आनंद झाला.
पापणी लवायच्या आत गेला तो. पण झाला. खोटं काय लिहू.
स्वा.ने माझा दंड घट्ट धरला होता. सासूबाई पडद्याला हात लावून "निल्या, ए निल्या" करत होत्या. फोन परत थरथरला.

५ सप्टेंबर, शुक्रवार
ऑपरेशन झालं. हा सीजन संपला. पुढचं डॉक्टर सांगत नाहीत. निलेश गव्हाणला आलाय, हात गळ्यात. फोनवर म्हणाला, "व्हिडिओ बगून आलते ते. अब्यास केलता माजा."
त्या वाक्याला घट्ट धरून बसलो दिवसभर. असेलच तसं. सगळेच संघ व्हिडिओ बघतात. शिवाय खांदा आज नाही तर उद्या जाणारच होता.
पण व्हिडिओ मीही बघितले होते. व्हिडिओत तो पक्का दिसत होता.

९ सप्टेंबर, मंगळवार
सुर्वे घरी आला, पेढे घेऊन. मी लीगमध्ये पहिला आहे म्हणे. दारातच: "वहिनी, तुमच्या भावाची बातमी आधी कळली म्हणून हा वर गेला, नाहीतर याचं काय खरं होतं!" वाईट मनाने नाही बोलला. त्याला वाटलं तिला माहीत आहे.
तो जाईपर्यंत स्वा. बसून राहिली. मग:
"त्याने तुला सांगितलं होतं?"
"हो."
"मला नाही सांगितलं. तुला सांगितलं."
रडली असती तर बरं झालं असतं. बॅग भरायला लागली. म्हटलं, मी काय करू? "येऊन सांग त्याला. माझ्या तोंडून नको ऐकायला त्याने."

१४ सप्टेंबर, रविवार
गव्हाणला गेलो. निलेश ओटीवर, एकटाच. सगळं सांगितलं. तक्ता, ऑफिस, सुर्वे. फोन थरथरला ते सोडून. ते नाही जमलं.
तो रस्त्याकडे बघत ऐकत होता. शिवी देईल वाटलं. द्यायला हवी होती. मग म्हणाला,
"मला घेतलाता का तुमी? तुमच्या टीमीत?"
"नाही."
"पयल्यापासूनच नाय?"
मान डोलावली. तो उठला, चांगल्या हाताने दार लोटून आत गेला.
स्वा. उंबऱ्यात उभी होती. मी म्हटलं, निघूया? "तू जा," म्हणाली. "मी बघते." काय बघते, ते नाही सांगितलं.
गाडी काढत होतो तर सासूबाई मागून धावत आल्या. हातात सुकटीच्या चटणीचा डबा. त्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. म्हणाल्या, "जावयबापू, दोन दिस झाले जेवला नाय तो. कोनाशी बोलत नाय. तुमी जरा बसा त्याच्यापाशी. तुमचं आयकतो तो."