इंजिनापुढचा दंडवत

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

कोपरगाव,
दसऱ्याचा दुसरा दिवस, सन १९४७

तीर्थस्वरूप आप्पासाहेब यांच्या पायांशी तुमचा जावई सहादेव (माजी हवालदार, हल्ली नांगर, खत, पेंड आणि ऑईल इंजिनांचा दुकानदार) याचा दंडवत. तुमचा गुडघा कसा आहे? सासूबाईंचा दमा बसला का? तुमची लेक आणि आमचे चिरंजीव रंगनाथ खुशाल आहेत असं मीच धरून चालतो, कारण मागच्या पत्राला तुमचं जे उत्तर आलं त्यात जामखेडच्या पावसाची हकिगत होती, बैलाच्या खुराची होती, पण या दोघांचं नाव काही सापडलं नाही. इकडे माझं झकास चाललंय. भाकऱ्या स्वतः थापतो. (फौजेत शेकडो माणसांचा स्वयंपाक पाहिलाय मी. पाहिलाय, केला नाही, हे पहिल्या भाकरीनंच दाखवून दिलं.)

लढाईवरून आलेल्या माणसाला तागडी धरता यायची नाही, असं तुम्ही सोयरिकीच्या बैठकीतच म्हणाला होता. तर ऐका. कोपरगावापासून पुणतांब्यापर्यंत विहिरीवर इंजिन बसवायचं म्हटलं की लोक आधी माझ्या दुकानाची पायरी चढतात. यात माझी हुशारी किती, ते तुम्हीच ठरवा. पुणतांब्याच्या बनुबाईनं पहिलं इंजिन नेलं. बाई विधवा, पण ऊस असा की बघत राहावं, आणि जीभ मिरचीहून तिखट. तिनं इंजिनाला कुंकू लावलं, नारळ फोडला, गाव गोळा केला. मी हँडल फिरवलं. इंजिनानं धाडकन पहिला बार काढला आणि मी जमिनीवर! पालथा, तोंड चिखलात, दोन्ही हात डोक्यावर. (आप्पासाहेब, इटलीत तोफा वाजल्या की असंच करायचं असतं. अंगाला ती सवय लागली ती लागलीच. फौजेनं कपडे परत घेतले, बूट परत घेतले, ही सवय मात्र माझ्यापाशीच ठेवली.) आता सगळं गाव फिदीफिदी हसणार म्हणून मी तसाच पडून राहिलो. तर वरून बनुबाईचा आवाज, “आगं बया! इंजनाला दंडवत घालाया लागतो व्हय? आन् आपुन नुसताच नारळ फोडला की!” मी मान वर करून पाहतो तर बनुबाई आडवी, तिचा सालगडी आडवा, पाटीलसुद्धा फेटा सावरत आडवे.

तेव्हापासून हा विधीच होऊन बसला. हवालदारानं दंडवत घातल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही! एकानं घाईघाईत केलं, तर दुसऱ्याच दिवशी त्याचा पट्टा तुटला. तो येऊन माझे पाय धरतोय, “लई चुकलं, मालक, एकडाव आडवं व्हा.” मी काय सांगू त्याला? गेलो, झालो आडवा. बाजारपेठेतला दुसरा दुकानदारही आता दंडवत घालतो म्हणे. त्याचं पोट एवढं की बिचारा मध्येच तरंगतो. मी खरं सांगायला दोनदा तोंड उघडलं, पण लोक इतक्या भक्तीनं पाहतात की जीभ रेटत नाही. आणि खरं सांगायचं तर काय सांगायचं? छगन म्हणून माझा सोबती होता, शेवगावकडचा. बार झाला की तो आणि मी शेजारी शेजारी आडवे व्हायचो, आणि पडल्या पडल्या तो मला विचारायचा, “हाय का रं?” एकदा मी उठलो, तो उठला नाही. इंजिनापुढे पडलो की मी अजून त्याची वाट बघतो. हे बनुबाईला कसं सांगू? तिनं कुंकू लावलेलं असतं.

असो. मुद्द्यावर येतो. उष्टावण झाल्यावर दोघांना पाठवतो असं तुम्ही कबूल केलं होतं. उष्टावण भाद्रपदात झालं, आता दसराही झाला. त्या दिवशी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, मी नाकारत नाही. मामानं भाच्याला खीर चाटवली आणि आनंदाच्या भरात पुंजारामनं अंगणात उखळी बार उडवला. (मेहुण्यावर माझा राग नाही. बार उत्तम होता.) रंगनाथ तेव्हा माझ्या हातांत होता. मी खाली पडलो, तो माझ्या छातीखाली. बायकांनी कालवा केला, तुम्ही मला दंडाला धरून उलथवलं. पण आप्पासाहेब, मी पोराला झाकत होतो हो. कोपरं नीट टेकवून, आत जागा ठेवून! पोराला खरचटलंसुद्धा नाही. तुमची लेक पोर घेऊन आत गेली. घर खायला उठतं. पाळणा आणून टांगून ठेवलाय, येता-जाता उगाच झोका देतो. तेव्हा आता सबबी पुरे. दोघांना पाठवून द्या, नाहीतर मी गाडी जुंपून येतो, आणि मग हवालदाराचा आवाज सगळं जामखेड ऐकेल.

आपला नम्र,
सहादेव

ता. क. सासूबाईंसाठी अडुळशाचा काढा वेगळा पाठवला आहे. वरचं पत्र तुम्ही नेहमीप्रमाणे ओसरीवर मोठ्यानं वाचालच. वाचा. तुमच्या लेकीला ऐकू द्या. लोक हसले तर हसू द्या. हा खालचा कागद मात्र तुमच्यापुरता.

आणखी ता. क. आप्पासाहेब, कोपरं टेकवली होती असं लिहिलं खरं. मला आठवत नाही. बार झाला एवढं आठवतं, आणि तुम्ही मला उलथवलंत ते आठवतं. मधलं काहीच नाही. पोराला काही झालं नाही ती देवाची कृपा, माझी नव्हे. दुकान भर बाजारपेठेत आहे, वरच आमचं बिऱ्हाड. यंदाची दिवाळी स्वराज्यातली पहिली, पेठेत फटाक्यांच्या दारूचे हारे आत्ताच येऊन पडलेत. तेव्हा दोघांना पाठवू नका. निमित्त काय ते तुम्हीच काढा, पण ते माझ्याकडून आलंय हे तिला कळू देऊ नका. तिला वाटू द्या की मी बोलावतोय आणि तुम्हीच हट्टी आहात. दिवाळी जाऊ द्या, तुळशीचं लग्न जाऊ द्या. पुढचं मलाही ठाऊक नाही. मी भाऊबीजेनंतर येईन. माझा मला भरवसा नाही, तेव्हा हा कागद विसरून मी भांडेन, दारात गाडी उभी करीन, कदाचित रडेनही. तरी ऐकू नका माझं. पोर तेवढं एकदा मांडीवर द्या, आणि तुम्ही शेजारी बसा.